तिसऱ्यांदा तीच स्थिती

क्लाक्स्विकच्या शाळेत दोर वर गुंडाळून ठेवले
आणि व्यायामशाळेत अठ्ठावीस पट मांडले.
पहिल्या फेरीत यादी मधोमध कापतात,
वरचा अर्धा खालच्या अर्ध्यासमोर बसतो.
दयामाया नाही.

दुसऱ्या पटावर रिगाहून आलेली इल्झे वीतोला,
ग्रँडमास्टर, दोन हजार चारशे सदुसष्ट.
समोर तुम्मस. एक हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी.
मासळीच्या कारखान्यात यंत्रांना वंगण घालतो,
राहतो पलीकडच्या बेटावर.
नखांच्या कडा कितीही धुतल्या तरी काळ्याच.
मी पंच.
एरवी याच इमारतीत भूगोल शिकवते.

अकराव्या चालीला त्यानं उंट देऊन घोडा घेतला,
पुस्तकात नसलेलं काहीतरी.
ती हसली नाही.
कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला, एवढंच.

चौथा तास संपला तेव्हा बाकीचे पट
सोंगट्यांच्या डब्यांत गेले होते.
दोघांकडे एकेक हत्ती उरलेला,
तिच्याकडे एक प्यादं जास्त,
आणि त्याच्याकडे, कसं सांगू,
दार बंद होऊ नये म्हणून मध्ये पाय घालून
गप्प उभा राहतो ना माणूस,
तसं काहीतरी.

तिचा हत्ती बाजूला, त्याचा राजा मागे.
तिचा हत्ती परत, त्याचा राजा परत.
मी खिशातल्या खिशात बोटं मोजत होते.
एक.
दोन.

पाचदा तीच स्थिती आली, तर डाव मी थांबवायचा.
तीनदा आली, तर ज्याची चाल त्यानं बरोबरी मागायची.
मागितली नाही
तर पंचानं भिंत व्हायचं.

तीन.
चाल त्याची.
भिंतीवर सातला दहा कमी.
सव्वासातला शेवटची बोट,
तिचे दिवे खिडकीतून दिसत होते,
धक्क्याला लागलेली, पोट उघडं टाकून गाड्या गिळत.
इल्झेनं पेनाला टोपण लावलं होतं.
हात पुढे करायचा, की झालं.

बोल ना, तुम्मस.
घड्याळ थांबव, मान वळव, मी दोन पावलांवर आहे.
वर्गात मुलांनी विचारायच्या आत
उत्तर सांगून टाकणारी बाई मी,
जीभ दातांखाली धरून उभी होते.

त्यानं खिडकीकडे पाहिलं.
मग हत्ती उचलला
आणि चौथ्या ओळीत नेऊन ठेवला,
तिच्या प्याद्याला खेटून,
जिथं त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

टोपण निघालं.
इल्झेनं खुर्ची पुढे ओढली,
दोन्ही कानांवर तळवे दाबले, अकरा मिनिटं.
बोटीचा भोंगा वाजला तो तिला ऐकू आला नसावा.
तुम्मसला आला.
त्यानं थर्मासमधली गार कॉफी ओतून घेतली.

मग तिचा राजा एक घर सरकला. तिरका.
बस्स.
तुम्मस कितीतरी वेळ त्या घराकडे बघत राहिला,
हळूच म्हणाला, 'हं.'
पुढच्या बावीस चाली दोघंही नुसते चालत होते.
साडेआठला त्यानं राजा आडवा केला.

सह्या घेताना न राहवून मी विचारलं.
'मोजलं होतं,' म्हणाला. 'तीन झाले होते.'
'मग?'
'ती हत्तीची चाल मला तासाभरापासून दिसत होती.
तिच्यावर उत्तर आहे का, ते घरी कुणाला विचारणार?'

बरोबरी मागितली असती तर आठ गुण वाढले असते.
हरून जेमतेम दीड गेला.
दिवे मालवायला गेले तर दोघं जमिनीवर,
मधे पट, तोच राजा त्याच घरात,
आणि ती ग्रँडमास्टर म्हणत होती,
'थांब, थांब, इथं तू प्यादं ढकललं असतंस तर
मला नाही माहीत.'
तुम्मसनं मान वर केली.
मी दोन गाद्या ओढून आणल्या,
कोलांटउड्यांच्या, निळ्या,
आणि किल्ली त्याच्याजवळ ठेवून घरी गेले.